घराचं काम कंत्राटदाराला देताना : तीन कोटेशन्स आणि 30 वर्षांचं घर

उंबरठा
नमस्कार मंडळी,
आई-बाबा राहतात त्या घराला 30 वर्षं झाली. तळमजला आणि वर गच्ची, एवढंच घर. भाऊ आता कायमचा परत येतोय, म्हणून घरात हात घालायचं ठरलं. स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्यामधली भिंत काढायची, दोन्ही बाथरूम मुळापासून नवी करायची, वायरिंग सगळं बदलायचं आणि गच्चीवर एक मजला चढवायचा.

तीन कंत्राटदारांकडून आकडे आले. पहिल्याने अर्ध्या पानावर स्क्वेअर फुटाचा एकच दर लिहून दिला. दुसऱ्याने चार पानं दिली, त्यात प्रत्येक कामाचा दर वेगळा. तिसरा आधी ड्रॉइंग मागत होता. ती नाहीत म्हटल्यावर दोनदा येऊन स्वतः मापं घेऊन गेला. त्याचा आकडा सगळ्यांत जास्त. पहिला त्याच्यापेक्षा जवळपास 30 टक्क्यांनी स्वस्त पडतो.

पहिला ओळखीतला आहे, बोलायला सरळ आहे, आणि एकूण रकमेचा चौथा हिस्सा उचल दिली तर सोमवारी सामान उतरवतो म्हणतो. घरात सगळ्यांचा कल त्याच्याकडे आहे. माझं मन तयार होत नाहीये, पण का ते मला घरच्यांना नीट सांगता येत नाही. तुमच्यापैकी जे यातून गेलेत त्यांनी कृपया सांगा, काय विचारू आणि काय तपासू?

पायवाट
तुमच्या हातात एकाच कामाचे तीन आकडे नाहीत, तीन वेगवेगळ्या कामांचे आहेत. म्हणून तुलना होत नाहीये.

स्क्वेअर फूट म्हणजे कशाचा? स्लॅबच्या बाहेरच्या कडेपासूनचा की आतल्या फरशीचा? जिना त्यात मोजलाय का? छज्जे, बाल्कनी पूर्ण धरलेत की निम्मे? जुनं तोडून निघालेला राडारोडा कोण उचलणार? खिडक्यांचे ग्रिल, पाण्याची टाकी, बाहेरचा रंग? आमच्या वेळी गच्चीचा कठडा, टाकीखालचा चौथरा आणि जिन्याचं रेलिंग, तिन्ही 'दरात धरलेलं नव्हतं'. ते घातल्यावर आमचा सगळ्यांत स्वस्त माणूस दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाच्या पुढे गेला. त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. आम्ही विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

कामाची यादी तुम्ही करा. खोलीवार, भिंतीवार. किती पॉइंट, किती नळ, कोणती फरशी, दार कशाचं. तीच यादी तिघांना द्या आणि त्याच क्रमाने दर भरून मागा. दुसऱ्याची चार पानं यादीचा नमुना म्हणून वापरता येतील. यादी दिल्यावर पहिल्याचा आकडा किती वर जातो ते बघा. तिथेच घरच्यांना सांगायचं कारण सापडेल.

सावली_बी
उचल हा शब्द वाचला आणि लिहायला बसले. आमच्या घराचं काम 14 महिने अर्धवट पडून होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचा कंत्राटदार कामात वाईट नव्हता. स्लॅब चांगला टाकला, वीटकाम ओळंब्यात होतं. पण पैशांचे हप्ते आम्ही त्याने सांगितले तसे मान्य केले होते : सुरुवातीला मोठी उचल, जोत्यापर्यंत एक हप्ता, स्लॅबला मोठा हप्ता. स्लॅब झाला तेव्हा त्याला एकूण रकमेच्या 80 टक्के मिळाले होते आणि घर निम्मंसुद्धा झालं नव्हतं. पुढे राहतं ते सगळं किचकट काम. गिलावा, फरशी, प्लंबिंग, दारं, रंग. माणसं जास्त लागतात, वेळ जातो, मालक रोज काही ना काही बदलायला सांगतो. त्याच्यासाठी आमच्याकडे फक्त 20 टक्के उरले होते. त्याला दुसरीकडे नवं काम मिळालं, तिथली उचल मिळाली, आणि आमच्याकडे माणसांचे खाडे सुरू झाले. आधी आठवड्यातून दोन दिवस, मग फोन उचलणं बंद.

मला तेव्हा त्याचा फार राग आला होता. आता कळतं की हप्त्यांचं कोष्टक असं होतं की त्याला आमचं काम सोडून जाणंच परवडत होतं. कोष्टक असं असायला हवं की कुठल्याही दिवशी हिशेब केला तर झालेलं काम दिलेल्या पैशांपेक्षा थोडं जास्तच भरेल. शेवटचे 5 ते 10 टक्के हातात ठेवा. त्यातला काही भाग काम संपल्यावर वर्षभराने द्यायचा असं लिहून घ्या, म्हणजे एक पावसाळा घरावरून जातो आणि ओल कुठे येते ते दिसतं.

आणि आम्ही शेवटी दुसरा माणूस आणला तेव्हा कळलं की आधीच्याने नेमकं किती काम केलं हे कुठेच लिहिलेलं नाही. नव्याला हात लावायची भीती, जुना म्हणतो माझे पैसे बाकी आहेत. दर हप्त्याच्या आधी दोघांनी मिळून टेप धरून मापं घ्या, वहीत लिहा, दोघांच्या सह्या करा. पाऊण तासाचं काम आहे.

कोनाडा
मजुरीवर द्यावं की मटेरियलसह? आम्ही मजुरीवर दिलं, सामान स्वतः आणलं. पैसे वाचले, पण मला नोकरीवर अर्धी सुट्टी टाकून रेतीच्या गाडीची वाट बघत बसावं लागायचं. ज्याला वेळ नाही त्याने या फंदात पडू नये असं माझं प्रामाणिक मत. सामान उशिरा आलं की मजूर बसून राहतात आणि त्या दिवसाचे पैसे मागतात, ते चूकही नसतं.

ओळंबा
उंबरठा, मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. कोटेशनच्या आधी एक प्रश्न : वर मजला चढवायचा हे कोणी तपासलंय? गच्चीवर कॉलमच्या सळया वर काढून ठेवलेल्या दिसतात म्हणून पाया दोन मजल्यांचा आहे असं होत नाही. सळया पुढची सोय म्हणून कोणीही सोडतं. पाया तेव्हा किती वजनासाठी मोजला होता, हे ड्रॉइंगमध्ये असतं किंवा खणून बघावं लागतं. तिघांपैकी कोणी हा विषय काढला का?

भिंतीचंही तेच. 9 इंचाची भिंत असेल तर ती स्लॅबचं वजन घेत असण्याची शक्यता मोठी. साडेचार इंचाची असेल तर बहुधा नुसता आडोसा, पण जाडीवरून निकाल लावू नका. वर बीम आहे का, तो भिंतीच्या दोन्ही टोकांना कशावर टेकलाय, हे गिलावा थोडा फोडून पाहिल्याशिवाय घण घालू देऊ नका. भार घेणारी भिंत काढता येते, पण आधी टेकू, मग बीम, मग भिंत, या क्रमाने आणि मोजून.

उंबरठा
ओळंबासाहेब, तुमचा प्रश्न वाचून घरी सगळे गप्प झाले. पहिला म्हणाला होता, 'कॉलम आहेत ना, मग काय बघायचंय.' दुसऱ्याने काही विचारलं नाही. तिसऱ्याने विचारलं होतं आणि त्याच्या कोटेशनमध्ये 'पाया तपासणी' असा एक वेगळा आयटम होता. आम्ही तो उगाच वाढवलेला खर्च समजलो होतो.

जुनी ड्रॉइंग बाबांकडे नाहीत. खणून बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

ओळंबा
घराच्या कोपऱ्यातला एक कॉलम आणि मधला एक कॉलम निवडायचा. शेजारी खड्डा घेऊन फुटिंगच्या, म्हणजे कॉलमखालच्या रुंद पायाच्या, तळापर्यंत जायचं, फुटिंगची लांबी-रुंदी, जाडी आणि खालची माती बघायची. दोन्ही खड्डे एकाच वेळी उघडे ठेवू नका, पावसाचं पाणी आत जाऊ देऊ नका, आणि मोजमाप झालं की थर घालून धुमसाने ठोकून भरा. सोबत जुन्या कॉलमचं कॉंक्रीट तपासायचं. रिबाउंड हॅमरने (कॉंक्रीटवर ठोकून उसळी मोजायचं उपकरण) वरवर अंदाज येतो, पक्कं हवं तर कोअर, म्हणजे कॉंक्रीटचा दंडगोल नमुना, काढावा लागतो. कुठे सळई गंजून कॉंक्रीट फुगलेलं दिसतं का, तेही बघा, विशेषतः बाथरूमच्या खालच्या-वरच्या बाजूला.

हे काम तुम्ही नेमलेल्या इंजिनिअरने करायचं, कंत्राटदाराने नाही. त्याची फी एकूण खर्चात फार लहान असते. आणि पुढे काम सुरू झाल्यावर सळई तपासायला तोच माणूस तुमच्या बाजूने उभा राहतो.

रंधा
मी स्वतः कंत्राटं घेतो. 22 वर्षं झाली. वरचं सगळं वाचलं, बरंचसं पटलं, पण दुसरी बाजूही यायला हवी.

सावली ताई, तुमचं नुकसान झालं याचं वाईट वाटतं. पण उचल अजिबात द्यायची नाही म्हणाल तर चांगला माणूस काम घेणार नाही. सेंट्रिंगच्या (ओलं कॉंक्रीट धरून ठेवणाऱ्या साच्याच्या) प्लेटा, परांची, मजुरांची राहण्याची सोय, पहिलं सामान, हे पहिल्याच आठवड्यात लागतं. माझ्या अनुभवात 10 टक्के उचल वाजवी आहे, आणि ती पुढच्या प्रत्येक हप्त्यातून थोडी थोडी वळती करायची. चौथा हिस्सा मागणाऱ्याकडे भांडवल नाही असं समजा. तो तुमच्या पैशांतून आधीच्या कोणाचं तरी काम पुरं करतोय. त्याहून चांगलं म्हणजे पहिलं सिमेंट आणि स्टील तुम्ही थेट दुकानदाराला पैसे देऊन साइटवर उतरवून घ्या. पैसे सामानात दिसतात.

दुसरं, बदल. मालक साइटवर येतात आणि मिस्त्रीला सांगून जातात, 'ही खिडकी जरा इकडे घे.' मिस्त्री घेतो. महिन्याने बिलात आयटम दिसला की भांडण. माझ्याकडे मी एक वही ठेवतो : काय बदललं, किती पैसे वाढले किंवा कमी झाले, किती दिवस पुढे गेलं, आणि मालकाची सही. सही नसेल तर माझा माणूस हात लावत नाही. माझ्यावर सुरुवातीला लोक चिडतात, पण हे दोघांच्याही भल्याचं आहे.

तिसरं, सामानाच्या यादीत 'अमुक कंपनीचं किंवा तत्सम' असं लिहू नका. 'तत्सम' कोणी ठरवायचं? मी स्वस्तातलं तत्सम म्हणेन, तुम्ही महागातलं. दोन-तीन नावं लिहा आणि म्हणा, यांपैकीच.

आणि मजुरांच्या विम्याचं विचारा. परांचीवरून कोणी पडलं तर जबाबदारी कोणाची, हे करारात स्पष्ट हवं. साइटच्या तात्पुरत्या वीजजोडणीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) लावल्याशिवाय कटर मशीन चालू करू देऊ नका. ओल्या जागेत उघड्या वायरी घेऊन काम करणारी पोरं मी पाहिलीत. मला ते बघवत नाही.

पायवाट
रंधा, 'उचल वळती करायची' हे फार कामाचं सांगितलंत. आमच्या करारात नव्हतं.

निळाई
मी फक्त बाथरूमबद्दल लिहिते, कारण आमचं एकच बाथरूम तीनदा फोडलं गेलं.

पहिल्यांदा फरशी सुंदर बसवली आणि सहा महिन्यांत खालच्या खोलीच्या छताला ओल आली. वॉटरप्रूफिंग केलं होतं, पण ते तपासलंच नव्हतं. फरशीच्या आधी सगळे आउटलेट बंद करून दोन-तीन सेंटिमीटर पाणी भरायचं, भिंतीवर पातळीची खूण करायची आणि निदान 24 तास, जमलं तर 48 तास तसंच ठेवायचं. खालच्या छतावर ओलीचा डागही दिसता कामा नये. हे झाल्याशिवाय फरशीची एक लादीसुद्धा लावू देऊ नका. मिस्त्री घाई करतो, कारण दोन दिवस त्याची माणसं मोकळी राहतात. त्या दोन दिवसांचं काम आधीच दुसरीकडे लावून ठेवायला सांगा.

दुसऱ्यांदा फोडलं ते पाइपच्या जोडातून गळती होती म्हणून. भिंतीतल्या पाइपला वापरातल्या दाबाच्या दीडपट दाब देऊन, पंपाचा काटा खाली येतो का ते बघायचं, आणि मग झिऱ्या, म्हणजे पाइपसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा, बुजवायच्या. तिसऱ्यांदा उतार उलटा होता. पाणी दाराकडे यायचं. दर मीटरला एक सेंटिमीटरच्या आसपास उतार जाळीकडे हवा. बादलीभर पाणी ओतून आपल्या डोळ्यांनी बघा.

झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप धरून. मी आता भिंतीत खिळा मारताना तेच फोटो उघडते.

ओळंबा
निळाई, हे सगळं करारात हप्त्याला बांधून घ्या. 'पाणी भरून चाचणी झाली, मग हप्ता' असं लिहिलं की कोणी विसरत नाही.

स्लॅबच्या दिवसाबद्दल थोडं, कारण त्या दिवशी चूक झाली तर दुरुस्ती फार अवघड असते. आदल्या दिवशी इंजिनिअरने सळई तपासायला हवी. सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई आणि साचा यांत अंतर ठेवणारे ठोकळे, आहेत का? स्लॅबला निदान 20 मिलिमीटर, कॉलमला 40, फुटिंगला 50. दगडाच्या चिपा घालून चालवतात, तसं चालू देऊ नका. वरची जाळी खुर्च्यांवर (वाकवलेल्या सळईच्या आधारांवर) उभी आहे की चालून चालून खाली दबलीय? कॉलमच्या रिंगांची टोकं आतल्या बाजूला 135 अंशांत वळलेली हवीत, नुसती काटकोनात नाही.

स्टील मोजायचं असेल तर सूत्र सोपं आहे : सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, 162 ने भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 12 मिलिमीटरला 0.89 किलो, म्हणजे 12 मीटरची सळई साधारण 10.7 किलो. गाडीवरच्या काटापावतीशी जुळवून बघा.

पाणी मात्र सगळ्यांत जास्त सांभाळा. 50 किलोच्या गोणीला साधारण 25 लिटरपेक्षा जास्त पाणी नको, रेती ओली असेल तर त्याहूनही कमी. माल पसरायला सोपा जावा म्हणून पाइप सोडतात, आणि ताकद तिथेच जाते. घट्ट वाटला तर व्हायब्रेटर चालवा. टाकल्यावर निदान 7 दिवस पाणी मारायचं, हवा कोरडी असेल किंवा मिश्र सिमेंट असेल तर 10 किंवा अधिक. स्लॅबखालचे टेकू लहान गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) 7 दिवस, साडेचार मीटरच्या वर गेला तर 14. मोठ्या बीमचे 21 दिवसांपर्यंत. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा पुढच्या साइटवर न्यायच्या असतात, तो घाई करणारच. क्यूब, म्हणजे ताकद तपासायला त्याच कॉंक्रीटचे ठोकळे, भरून ठेवा. 7 दिवसांची ताकद 28 दिवसांच्या साधारण दोन-तृतीयांश यायला हवी.

कोनाडा
जुनी कामं बघायला जाताना काय बघायचं? सगळे आपलं चकचकीत तयार घरच दाखवतात.

रंधा
तयार घर बघूच नका. चालू साइटवर न सांगता जा. सिमेंटची थप्पी फळ्यांवर आणि भिंतीपासून लांब आहे का, की ओल्या जमिनीवर? गोण्यांवरची तारीख बघा, तीन महिन्यांच्या पुढचं सिमेंट मी स्वतः वापरत नाही. विटा भिजवून लावतायत का? काल टाकलेल्या कॉलमला गोणपाट गुंडाळलंय का? कॉलमच्या खाली, सांध्याजवळ खडी उघडी पडलेली दिसली तर विचारा की हे कसं झालं. उत्तर कसं देतो त्यावरून माणूस कळतो. आणि दोन-तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या मालकाला भेटा. त्याला एवढंच विचारा : काम संपल्यावर फोन केला तेव्हा तो आला का?

उंबरठा
मंडळी, सहा आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा.

इंजिनिअर नेमले. दोन खड्डे घेतले. कोपऱ्यातल्या कॉलमचं फुटिंग वरच्या मजल्याचं वजन घेण्याइतकं मोठं नाही. मधल्या कॉलमचं आहे. म्हणजे कोणीतरी कधीतरी निम्मा विचार केला होता. वरचा पक्का मजला आता होणार नाही. पाया वाढवून करता येईल असं ते म्हणाले, पण आई-बाबांना त्या घरात राहून ते काम झेपणार नाही. भावासाठी मागच्या मोकळ्या जागेत स्वतंत्र पायावर एक खोली आणि बाथरूम असं ठरलं. स्वयंपाकघराची भिंत साडेचार इंचाचीच निघाली, पण बीमचं एक टोक तिच्यावर टेकवलेलं होतं. तिथे आता टेकू लावून नवा कॉलम घेतलाय. बाबा खड्ड्याच्या कडेला उभे राहून बराच वेळ बघत होते. त्यांच्याच हातचं घर आहे ते. त्यांना वाईट वाटलं, पण रात्री म्हणाले, बरं झालं बघितलं.

यादी करून तिघांना दिली. पहिल्याचा आकडा वाढला आणि दुसऱ्याच्या जवळ आला. तिसऱ्याच्या दोन चालू साइट बघितल्या, एका जुन्या मालकाला भेटलो. गळती लागली होती, माणूस आला होता, पैसे न घेता दुरुस्त करून गेला होता. त्यालाच काम दिलं. उचल 10 टक्के, दर हप्त्यातून वळती. शेवटचे 5 टक्के वर्षभराने. हे मागताना मला संकोच वाटत होता, पण त्याने दोन मिनिटांत मान्य केलं. पहिल्याला मी स्वतः जाऊन सांगितलं, फोनवर नाही. ओळख टिकली आहे.

सावली_बी
तुम्ही खणून बघितलंत हे वाचून खूप बरं वाटलं. मापांची वही ठेवलीत ना?

उंबरठा
ठेवलीय. आई लिहिते, तिचं अक्षर चांगलं आहे. आज नव्या बाथरूममध्ये पाणी भरलंय, पेन्सिलने खूण केलीय. परवा संध्याकाळी 48 तास होतील. कंत्राटदार येणार आहे, दोघं मिळून बघू आणि मग पुढचा हप्ता देतो.